धोंड्याच्या महिन्यातली गार वीज

वर्षाचे बारा महिने मी थापा मारतो. तेरावा महिना आला की मात्र जीभ टाळूला चिकटते. घरातली माणसं याला म्हातारपण म्हणतात. म्हणोत.

यंदा पुन्हा जेठच अधिक आलाय. एकोणीस वर्षांनी तोच महिना फिरून येतो, असं पंचांगवाले सांगतात. सकाळपासून चुलीवर पुरण रटरटतंय. वेलदोड्याचा वास माजघरातून ओट्यावर आणि ओट्यावरून शेजाऱ्याच्या नाकात गेलाय. तांब्याचं ताट चिंचेनं घासून परसात उन्हाला उपडं घातलंय. उद्या जावई येणार. त्याला धोंडे वाढायचे, ताटात दिवा लावून द्यायचा, नवं कापड द्यायचं आणि तो नको नको म्हणत असताना अजून एक धोंडा त्याच्या पानात ढकलायचा.

"तोंड पाडून काय बसलाय? जावई येतोय, यम न्हाई," बायको म्हणते आणि गालात हसते. ती विंझरची लेक. माझं तोंड का पडतं, ते तिला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

तो मागचा जेठ दुसऱ्या मोठ्या लढाईतला. मी तेव्हा भोरच्या इंजिनघरात तारवाला होतो. तेलाचं इंजिन धडधडायचं, त्यावर डायनॅमो फिरायचा आणि दिवेलागणीला निम्म्या गावात दिवे लागायचे. उरलेलं निम्मं गाव ते दिवे बघायला यायचं. उन्हाळा तर असा की निरेतले मासे घाटाच्या पायऱ्यांवर सावलीला येऊन बसत आणि धुणं धुणाऱ्या बायकांना म्हणत, जरा पलीकडं सरका की. खोटं वाटत असेल तर त्या माशांना विचारा.

लढाईमुळं विलायती फ्यूजची तार यायची थांबली. फ्यूज म्हणजे विजेच्या वाटेत मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. वीज हद्दीबाहेर गेली की तो आधी वितळतो आणि घर वाचतं. तो दुवाच मिळेना, तेव्हा आमच्या गणपत मेस्त्रींनी सोनाराला गाठलं. ज्या जंतराच्या भोकांतून तो सोन्याची तार ओढून बारीक करायचा, त्याच भोकांतून त्याला कथील-शिशाची तार ओढायला लावली. सोनारानं हाताच्या सवयीनं शिशाचा कीससुद्धा झाडून डबीत भरून ठेवला.

पण हातानं ओढलेली तार. कुठं जाड, कुठं बारीक. म्हणून प्रत्येक वेटोळ्यातला तुकडा तोडून त्याची कसोटी घ्यायची. पाटीच्या दगडावर दोन पितळी चाप होते, त्यांत तुकडा ताणायचा. पलीकडं मिठाच्या पाण्याचं लाकडी पिंप आणि त्यात दोरीला टांगलेला लोखंडी पत्रा. पत्रा जितका खाली सोडावा, तितकी वीज जास्त. मेस्त्री दोरी सोडायचे, मी वीज मोजायच्या मीटरच्या काट्यावर डोळे लावून आकडा मोठ्यानं म्हणायचो. पिंपातून नाकाला झोंबणारा वास यायचा आणि पाणी असं तापायचं की आम्ही त्यातच बटाटे उकडून घ्यायचो. मीठ आयतंच लागलेलं. खाताना फक्त डोक्यावरचे केस उभे राहायचे.

तार तुटायच्या आधी काहीच करत नाही, हे मला नेहमी चमत्कारिक वाटायचं. काटा चढत असतो, इंजिनाचा आवाज जड होतो, पिंप बुडबुडतं. तार मात्र आपली जशीच्या तशी. मग तिच्यावरची चकाकी जरा मळते. मधोमध ती खाली लोंबते, ओली लुगडी टाकलेल्या दोरीसारखी. आणि मग पाटीवर एक थेंब. टप्. तेवढंच.

"लवकर तुटली तर गाव शिव्या देतं," मेस्त्री म्हणायचे, "आणि उशिरा तुटली तर गाव जळतं. उशिरा तुटणारी तार बघायलासुद्धा ठेवू नकोस. फेक."

असाच एका दुपारी धरण बघायला आलेला पुण्याचा एक प्रोफेसर आमच्या सावलीला टेकला. आमचा उद्योग बघून त्याला चेव आला. म्हणाला, विलायतेत काही धातू इतके गारठवतात की त्यांच्यापुढं बर्फ म्हणजे निखारा. मग त्यातून वीज गेली तरी तार तापत नाही आणि वीज कणभरही वाया जात नाही.

"मग कितीही वीज घाला?" मेस्त्रींनी विचारलं.

"छे! तिथंही हद्द आहेच. हद्द ओलांडली की तीच तार क्षणात साध्या तारेसारखी वागू लागते. कुठल्या तारेची हद्द किती, हे शोधण्यात तिकडं माणसं गुंतलीत."

मेस्त्रींनी दुसरी अर्धी गोष्ट लक्षात ठेवली. मी पहिली.

ती अर्धी गोष्ट पदरी बांधून मी धोंड्याच्या जेवणाला विंझरला गेलो. आजही डोळे मिटले की आधी वास येतो. रोपांसाठी राब भाजलेल्या जमिनीचा, राखेचा आणि तापलेल्या दगडाचा. वाटेवर करवंदं काळी झालेली. तोरणा उन्हानं विरघळून आभाळाच्या रंगाचा झालेला. आणि वाड्यावस्त्यांवरून माणसं आमच्या सासऱ्यांच्या ओसरीकडं निघालेली, कारण भोरचा जावई आलाय आणि तो लई बेस सांगतो.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचो. मामा म्हणजे उंच, हाडापेरानं दणकट आणि मनानं लेकरू. माझी गोष्ट संपायच्या आधीच ते हसायचे. मी सांगितलेलं त्यांना कधी खोटं वाटलं नाही, आणि त्यांनी ते पुढं सांगताना कधी लहान केलं नाही. मी भोरला वाघ सोडला तर वेल्ह्याच्या बाजारात पोचेपर्यंत मामा त्याला शिंगं लावायचे.

"पाव्हणं, होऊ द्या!" जेवणं झाली आणि ओसरीवरून आवाज आला.

मग मी सुटलो. पौषात तोरण्याच्या बुरुजावर तार ताणली की थंडीनं ती अशी गारठते की त्यातून वाहणारी वीज संपतच नाही. एक चमचाभर वीज घालायची आणि वेल्ह्यापासून कोकणापर्यंत दिवे लावायचे. वेल्ह्यात कोंबड्यांना दिवसरात्र कळणार नाही, त्या अंडी घालून घालून दमतील आणि कचेरीतला कारकून आपलीच सावली चोर समजून तिच्यावर खटला भरेल.

"पर चावंल की ती वीज," एक म्हातारा म्हणाला.

"चावते ती गरम वीज, बाबा. ही गार! अंगात शिरली की झऱ्यात पाय सोडल्यासारखं वाटतं. अहो, मेलेल्या बेडकाची तंगडी उडते विजेनं. तीसुद्धा साध्या, गरम विजेनं. गार विजेचं मग काय विचारता!"

बेडकाचं मी मेस्त्रींकडून ऐकलेलं. तेवढं खरं होतं. माझ्या थापेत एखादा खरा बेडूक नेहमी असतो, त्याशिवाय ती उडी मारत नाही.

दाराआड चंद्राआत्या तांदूळ निवडत बसली होती. मामांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर दिरानं तिला अंगणातूनच माहेरच्या वाटेला लावलं होतं. आधीच्या सुगीत तिला मोठा ताप आला. त्यातून ती उठली, पण उजवा हात काही तिच्याबरोबर उठला नाही. हात होता, जागच्या जागी, पण झोपलेला. तेलं झाली, शेक झाले. वैद्य हात टेकून गेला.

आणि तो हात काय होता म्हणून सांगू! लावणीला आत्या खाचरात उतरली की रोप तिच्या बोटांतून सुटायच्या आधीच मूळ धरायचं. बाकीच्या बायका बांधावरून निघेपर्यंत हिची ओळ पलीकडं पोचायची. त्या डोंगरपट्ट्यात लावणी वारंगुळ्यानं चालायची. आज तुमच्या खाचरात आमची माणसं, उद्या आमच्या खाचरात तुमची. हाताला हात. ज्या घरातून हात कमी, त्या घराचं खाचर मागं राहणार. आत्याच्या एका हातामागं लोक मामांकडं दोन माणसं धाडत, खुशीनं. आता तो हातच नव्हता. मामी वाईट नव्हत्या, पण घर त्यांना चालवायचं होतं. त्यांनी सांगून टाकलं होतं की लावणीपर्यंत हात आला तर ठीक, नाहीतर आत्यानं घाटाखाली दिराकडं जावं. दिराच्या घरात आता तान्ही पोरं होती, राखायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्याला तिची आठवण झाली होती.

हे सगळं मला ठाऊक होतं. बायकोनं त्याच सकाळी सांगितलं होतं. पण गोष्ट रंगात आली की मला माणूस दिसत नाही, नुसती माणसं दिसतात.

"जावईबापू," दाराआडून आवाज आला, "झोपल्यालं जागं व्हतं का वो त्यानं?"

ओसरी हसली. मला वाटलं, आत्यानं माझ्या गोष्टीला टेकू दिला.

"जागं? आत्या, उठून फुगडी घालतं!"

सगळी हसली. आत्या हसली नाही. तिचा डावा हात सुपात तसाच थांबला होता. ते मला दिसलं. दिसलं, आणि मी पुढची गोष्ट सुरू केली.

थोड्याच दिवसांत मामा तिला घेऊन भोरला आले. लढाईत मोटारी कोळशावर चालायच्या. कापूरहोळहून मोटार निघाली की आधी तिचा धूर पोचायचा, मग तिच्या मागून चालत निघालेला माणूस, आणि मग मोटार. उतारू अर्ध्या वाटेवर बसायचे आणि अर्ध्या वाटेवर ढकलायचे. तशा मोटारीतून आत्या आली होती. न्हालेली, ठेवणीतलं लुगडं नेसलेली. उजव्या हाताला कुणीतरी हळद लावून तो स्वच्छ धुतला होता. देवाला नेतात तसा तो हात तिनं डाव्या हातावर धरून आणला होता.

"घ्या जावईबापू," मामा इंजिनघराच्या दारातूनच गरजले. "आनली बगा! साऱ्या गावाला सांगून आलोय. आता लावणीला माझी बहीन दोन्ही हातानं उतरनार!"

मी मामांना म्हणालो, तुम्ही जरा बाहेर बसा, आत गर्दी चालत नाही. ही आणखी एक थाप. मामा लगेच बाहेर जाऊन दगडावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले की आत गार विजेचं काम चाललंय.

मेस्त्री पिंपाशी होते. चापात एक तुकडा ताणलेला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आत्याकडं बघितलं आणि दोरी सोडायला लागले. मी आकडा म्हणालो नाही. आत्या वाकून तार बघत होती. तार मळली, लोंबली, थेंब पडला.

"तुटली?"

"तुटली."

"लई घातली म्हून?"

"हो."

"अन् ती गार? ती कुटं हाय?"

इंजिनाच्या धडधडीत बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं. जी गोष्ट कुजबुजायलाही जड, ती मला ओरडून सांगावी लागली.

"इथं नाही, आत्या. विलायतेत आहे म्हणतात. पण हाताबिताचं त्यात काही नाही. ते मी माझ्या पदरचं लावलं."

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. गोष्टीत पुढं काहीतरी येणार असेल, म्हणून बघतात तशी.

"अन् बेडूक?"

"बेडूक खरा. पण आत्या, त्याची नुसती तंगडी उडते. तो बेडूक काही उठून पाण्यात जात नाही."

आत्यानं हळद लावलेल्या हातावर पदर ओढला. रडली नाही. मला वाटतं तिनं दोन शिव्या घातल्या असत्या, तर आज मी तेराव्या महिन्यातही बोललो असतो.

"दादाला सांगू नगा," ती म्हणाली. "त्यो समद्या गावाला सांगून आलाय. त्याचं हसं व्हईल." मग दारापर्यंत गेली आणि मागं वळली. "तुमचं बी व्हईल."

बाहेर मामा दगडावरून उठले. "हं? काय झालं? हललं का बोट?"

"न्हाई, दादा. मलाच सोसवंना. वीज लई चांगली हाय, जावईबापूंनी लई मनावर घेऊन केलं. माझा हातच कच्चा निघाला."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

ती मान आजही माझ्याच खांद्यांवर आहे. तिच्यावर पागोटं बांधलं, जावयाचा टिळा लागला, सत्काराचे हारसुद्धा पडले. हार पडताना ती जरा वाकवावी लागते. त्या वेळी मला दर वेळी इंजिनघराचं दार दिसतं, आणि लोक म्हणतात, किती विनयशील माणूस.

मामा म्हणाले, "तुमी तुमचं केलं, जावई. नशिबाला कोन काय करनार?" आणि माझ्यासाठी आणलेली रायवळ आंब्यांची पाटी ठेवून निघाले. आंबे गोड निघाले.

उशिरा तुटणारी तार फेकायची, असं मेस्त्री सांगायचे. त्या दिवसानंतर कसोटी घेताना मी कधी कधी आकडा चुकवायचो, कारण तार लोंबायला लागली की मला ती थांबावीशी वाटायची. मेस्त्री एकदाच बोलले. "तारेची कीव करायला तुला ठेवलेलं नाही. ती वेळेवर तुटते म्हणून तर बरं." पुढं ते बोलणार होते, पण बोलले नाहीत. त्या माणसाला पुढचं न बोलण्याची कला होती. मला ती कुणी शिकवली नाही. शिकवली असती तर मी तिच्यावरही एक गोष्ट रचली असती.

रोपं वितीएवढी झाली तेव्हा मी विंझरला गेलो. सगळ्या वाटेनं वाक्य घोटत गेलो होतो. ओसरीवर चार माणसं बसलेली असतानाच मुद्दाम म्हणालो, "मामा, यंदा वारंगुळ्यात आत्याच्या जागी मला धरा. मी रजा काढतो."

आधी कुणाला कळलंच नाही. मग जो हशा उठला तो तोरण्यावर आपटून परत आला.

"जावई रोपं लावनार! अवो, त्यास्नी खाली मूळ का वर मूळ ते तरी विचारा!"

"रोपं लावत्याल आन् त्यातनं दिवं उगवत्याल!"

आतून मामींचा आवाज आला, "म्हनावं, धोंडं पचलं न्हाईत जनू अजून!"

एकटे मामा तेवढे हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला, जसं मी त्यांच्याकडं त्यांचं पागोटंच मागितलं होतं. "जावई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचं पाय धुवून पानी घेतलंय या घरानं. त्ये पाय चिखलात घालू व्हय? लोक माझ्या तोंडात श्यान घालतील. पुन्ना बोलू नगा."

मी पुन्हा बोललो नाही. एकदा आग्रह केला होता, तेवढ्यावर थांबलो. दुसऱ्यांदा केला असता तर? तिसऱ्यांदा? सरळ खाचरात उडीच टाकली असती तर मला काय कुणी बाहेर ओढलं असतं? गोष्टीत मी नदीतून मगरीच्या पाठीवर बसून आलोय. पण खरा चिखल समोर होता, वाकून वाकून मोडणारी कंबर माझी असणार होती, आणि मामा नको म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं. ते तोंडावर दिसू नये म्हणून मी खाली वाकलो आणि वहाणेचा अंगठा सारखा करत बसलो.

बायको आत चुलीपाशी होती. तिनं ते पाहिलं. आजतागायत त्यावर ती एक शब्द बोललेली नाही. आत्ताही पुरणाखालचा जाळ कमी करता करता ती मध्येच माझ्याकडं बघते आणि पुन्हा पातेल्याकडं बघते.

त्याच लावणीत आत्याला घाटाखाली दिराकडं धाडलं, आणि ती पुन्हा घाट चढून वर आली नाही. घाटाखालून येणाऱ्या माणसांकडून तोंडी खुशाली कळायची. बरी आहे. पोरं राखते. डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. पुढं खुशाली आणणारी माणसं बदलली, आणि नव्या माणसांना कुणाची खुशाली आणायची ते ठाऊक नव्हतं.

ती गेली ते भोरवरूनच गेली. वरंध्याच्या घाटाची वाट आमच्या इंजिनघरावरून जायची. आषाढ लागला होता. सगळीकडं खाचरं भरलेली, बायका ओळीनं वाकलेल्या, आणि त्या सगळ्या हिरव्या पाण्यातून एक बैलगाडी घाटाकडं चाललेली. मामा पोचवायला निघाले होते. आत्या पेंढ्यावर बसली होती, मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर पदरात गुंडाळलेला उजवा हात. मी बत्ताशांची पुडी घेऊन गाडीपाशी गेलो. ती तिनं घेतली. बैलांनी माना हलवल्या.

"दादा म्हनतो, जावई आमच्यावर रुसलं. आताशा गोष्ट बी सांगत न्हाईत," आत्या म्हणाली.

"रुसेन कशाला, आत्या."

"मग सांगा की कायतरी. वाट लांब हाय."

"काय सांगू?"

"कायबी. खोटंच सांगा. खऱ्यानं वाट सरत न्हाई."

माझ्या घशात खरं काहीतरी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. मामा तिथंच होते, गाडीवान होता, एवढंच म्हणायचं होतं की मामा, हात कच्चा नव्हता. तोंड उघडलं, आणि माझी जीभ तिच्या सवयीच्या वाटेनं निघाली.

"घाटात जरा जपून, आत्या. तिथलं धुकं फार दाट. मागं एका पाटलानं त्यात खुंटी ठोकून आपलं पागोटं अडकवलं आणि जरा डुलकी काढली. तेवढ्यात वारा सुटला आणि धुकं उठून गेलं महाडच्या बाजारात, पागोट्यासकट. तिथं लोक पागोट्याला रामराम घालतायत, बसा पाटील, चहा घ्या. आणि इकडं पाटील बोडक्यानं घरी गेला तर बायको दारात घेईना. म्हणाली, आमचे पाटील बाजारात बसलेत, तुमी कोन?"

गाडीवान हसला. मामा मांडीवर थाप मारून हसले. आणि आत्या डाव्या हातानं पदर तोंडाला लावून अशी हसली की गाठोड्यावरचा तो झोपलेला हातसुद्धा हलायला लागला. "तुमी कोन म्हनाली!" ती मामांना पुन्हा पुन्हा सांगत होती. गाडी हलली. वळणापलीकडं गेली, दिसेनाशी झाली, तरी तिचं हसणं मला ऐकू येत होतं.

थाप चांगली जमली होती. आणि मी रस्त्यात उभा राहून, ते हसणं पार विरेपर्यंत, खूष होतो.